तीन कपाटं आणि एक कप्पा

सरोजिनी उमाळकरच्या दोन खोल्यांच्या घरात तीन लोखंडी कपाटं होती, आणि तिन्ही साड्यांनी गच्च भरलेली होती. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटे, बाई भलतीच हौशी दिसते. हौशी बाईच्या कपाटात तिच्या स्वतःच्या साड्या असतात असा आपला साधा हिशेब, आणि इथं नेमका तोच चुकायचा. तीन कपाटांत मिळून सरोजिनीचा एक कप्पा होता, तोही सगळ्यात खालचा. त्यातलं काही काढायचं तर गुडघे टेकावे लागत. बाकी सगळं दुसऱ्यांचं होतं.

दुसऱ्यांचं म्हणजे मुख्यतः चित्रा वहिनीचं. वहिनी, वहिनीच्या दोन बहिणी, एक मावसबहीण, आणि त्यांच्या पुण्या-बंगलोरला गेलेल्या सुना-लेकी, ज्यांच्या घरात म्हणे टाचणी ठेवायलाही जागा नसते. प्रत्येकीचं पांढऱ्या मऊ कापडात बांधलेलं गाठोडं, गाठोड्यावर लाल दोऱ्यानं शिवलेलं नाव. शालू, पैठण्या, टसर रेशमाचे कोसे, बनारसी, सासूबाईंच्या नऊवारी. रायपूरच्या चारपाच मराठी घरांचं सगळं रेशीम भनपुरीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर राहत होतं आणि त्याच्या मालकिणी दुसरीकडे राहत होत्या.

आता रेशीम सांभाळायला भनपुरीइतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही. दिवसभर ट्रकांची धूळ, आणि वारा तिकडून आला की सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी पूड. सकाळी गॅलरी पुसली की दुपारी तिच्यावर पावलं उमटतात. पण सरोजिनीची नोकरी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, कचेरीत, म्हणून घर इकडे. इतर बायका साड्यांना गच्चीवर वारा देतात. तिला ते शक्यच नव्हतं. दसरा झाला की ती चार दिवस रजा काढायची, खिडक्या बंद करायची, फटींत ओली फडकी कोंबायची, बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधायची आणि पंखा हळू लावून एकेक साडी त्यावर पसरायची. लोक रजा काढून पुरीला जातात, ही रजा काढून लोकांच्या घड्या बदलायची.

घडी बदलणं हे तिचं खरं शास्त्र. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलं की त्या रेघेवरच चिरतं, म्हणून दरवर्षी घडी दुसरीकडून घालायची. जरीवर जरी येऊ द्यायची नाही, मध्ये मलमलीचा तुकडा ठेवायचा. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या, कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून घालायचा. डांबराच्या गोळ्यांचं नुसतं नाव काढलं तरी ती नाक मुरडायची. वीस वर्षांपूर्वी वहिनीचा लग्नातला शालू घडीवर चिरला, वहिनी रडायला लागली, तेव्हा सरोजिनीनं तो आणून तीन रविवार बसून आतून जाळी लावून असा सांधला की खूण सापडेना. "तुमच्याजवळच राहू द्या आता," वहिनी म्हणाली. तिथून हे सुरू झालं, आणि मग गाठोडी येतच गेली.

खरं सांगायचं तर तिला साड्यांचा सोस नव्हताच. माणसांचा होता. साडी न्यायला कोणीतरी यायचं, आणून द्यायला यायचं. एका साडीमागे दोन भेटी. कोणाकडे मुंज, कोणाकडे हळदीकुंकू, आणि इकडे सरोजिनीच्या दारावरची घंटा. ती आधीच चिवडा करून ठेवायची. आलेली बाई सोफ्याच्या काठावर बसून, चहा बशीत ओतून, एक डोळा घड्याळावर ठेवून बोलायची, आणि बोलणं बहुतेक साडीबद्दलच असायचं. तरी ते बोलणं असायचं. आईवडील गेल्यावर त्या घरात दुसरं काय होतं? लग्नाचं बघणं वडिलांच्या लांबलेल्या आजारपणात मागे पडलं, मग वयाचं कारण निघालं, मग कोणी काढेनासंच झालं. भाऊ जयंता, चित्रा वहिनीचा नवरा, याच गावात, शंकरनगरात, पण गावात असणं आणि घरी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि तिच्या स्वतःच्या त्या खालच्या कप्प्यात काय होतं? आहेर. आपल्याकडे लग्न न झालेल्या नणंदेला, आत्याला, मावशीला आहेर द्यायचा एक ठरलेला रंग असतो, आणि देवानं इंद्रधनुष्यात तो घेतलेला नाही. भिजलेल्या बिस्किटाचा, चुलीतल्या राखेचा, जुन्या पाकिटाचा. दुकानात बायका तो दुरूनच ओळखतात आणि म्हणतात, "ही सोबर आहे, सरोजताईंना होईल." रंग आवडला म्हणून कोणी घेत नाही, कोणाला तरी गळ्यात मारायला होईल म्हणून घेतात. सरोजिनीनं असं सोबर तीस वर्षं नेसलं. सगळ्यांवर चालणारे चार ब्लाऊज, पदर खांद्यावर पिनेनं घट्ट बसवलेला, डोक्याला तपकिरी क्लिप. कचेरीत एकदा रंग दिला होता तेव्हा मैत्रिणी हसून म्हणाल्या, "मॅडम, आप तो दीवार में मिल गई." तीही हसली. मात्र घरी येऊन बराच वेळ आरशासमोर उभी राहिली.

दुसऱ्या बाईला काय शोभेल ते तिला नुसतं बघून कळायचं. वहिनीच्या ठेंगण्या अंगाला मोठे काठ मारतात, तिच्या धाकट्या बहिणीच्या सावळ्या रंगाला पिवळा उजळतो, हे ती सांगायची आणि ते खरं ठरायचं. स्वतःबद्दल तिला काहीच सांगता आलं नसतं. तिला ते कोणी विचारलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात संपदाचं लग्न ठरलं. संपदा म्हणजे जयंताची एकुलती एक मुलगी, बंगलोरला नोकरी करणारी. मराठी कळतं, उत्तर हिंदीतून देते. सरोजिनीला वाटलं, आता साड्यांची खरेदी निघणार आणि आपल्याला बोलावणं येणार. रेशमातलं या घरात आपल्याइतकं कोणाला कळतं? तिनं कचेरीत साहेबांना सांगूनही ठेवलं की केव्हाही दोन दिवसांची रजा लागेल. मग एक दिवस व्हॉट्सॲपवर फोटो आले. सगळी मंडळी नागपूरला जाऊन खरेदी करून आलीदेखील. वहिनी, दोन्ही बहिणी, मावसबहीण, सगळ्या दुकानाच्या गादीवर पाय पसरून बसलेल्या. सरोजिनीनं प्रत्येक फोटो मोठा करून बघितला आणि खाली लिहिलं, "खूप छान."

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"सरोजताई, रागावल्या तर नाही ना? तिकडे इतकी घाई झाली, तुमचा आहेर घ्यायचाच राहून गेला हो. आता असं करा. माझ्या गाठोड्यात एक कोसा आहे पाहा, बिनफॉलचा. कोणी दिला होता देव जाणे, मले आठवत पण नाही. मी काही तो रंग नेसत नाही. तोच ठेवून घ्या तुम्ही."

सरोजिनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि फॉल तुम्हीच लावून घ्या बरं. तुमच्यासारखा कोणाले जमते? ऐकून राहिल्या ना?"

"हव," सरोजिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

कपाट उघडायची तिला गरज नव्हती. तो कोसा कोणी दिला होता ते देवाला माहीत होतं की नाही कोण जाणे, सरोजिनीला पक्कं माहीत होतं. तिनंच दिला होता.

सत्तावीस वर्षं झाली त्याला. ती पंचविशीची, नोकरी नवी. चांपा गावचा एक म्हातारा विणकर सायकलवर गाठोडं बांधून जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी यायचा. त्यानं एक दिवस कडुलिंबाखाली चादर अंथरून कोसा उलगडला. डाळिंबी रंग, काठ बोटभरच, पदर जवळजवळ रिकामा. इतर बायका म्हणाल्या, यात काहीच नाही. सरोजिनीला मात्र त्यात सगळं दिसलं. तिनं ती साडी नेऊन बायकांच्या खोलीतल्या आरशासमोर खांद्यावर टाकली आणि आरशातली बाई तिला इतकी आवडली की तिला भीतीच वाटली. ही नेसून आपण जाणार कुठं? आजारी वडिलांना औषध द्यायला? आणि लोक काय म्हणतील, लग्नाचं जमेना आणि हिचे रंग बघा. पण साडी हातातून सुटेना. तेव्हा तिनं एक तोड काढली. त्याच महिन्यात वहिनीचं डोहाळजेवण होतं. आपल्याला नेसता येत नाही, तर निदान आपल्या घरात कोणीतरी नेसेल.

डोहाळजेवणाला हिरवी साडी देतात हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. सरोजिनीनं डाळिंबी दिली. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं, हिरवी नाही का मिळाली तुला?" बायका हसल्या. वहिनीनं साडी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली ती ठेवलीच. पुढे गाठोड्याबरोबर ती सरोजिनीकडे आली तेव्हाही तिला फॉल नव्हता. कधी नेसलीच नव्हती. त्याचा अर्थ सरळ होता, पण तो सरळ घ्यायला सरोजिनी तयार नव्हती. वहिनीनं ती राखून ठेवली असणार, तिनं मनाशी ठरवून टाकलं. संपदा पोटात असताना मिळालेली साडी, संपदाच्याच लग्नात काढेल. वीस दसरे ती त्या साडीची घडी बदलत आली आणि दरवेळी हेच मनात म्हणत आली. आणि आता तीच साडी तिला आहेर म्हणून आली होती, तिच्याच कपाटातून तिच्याच खालच्या कप्प्यात.

राग आला. चांगला सणसणीत राग आला, आणि तो आला तेव्हा सांगायला जवळ कोणी नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं चूल पेटवली नाही, टीव्ही लावला नाही, दोन बिस्किटं खाऊन पडून राहिली. तिला वाटत होतं वहिनीला फोन करून विचारावं, काहून हो, इतकी जड झाली होती का माझी साडी? पण असं विचारणाऱ्या बाईशी लोक पुढे चार हात राखून वागतात, आणि तिच्याशी चार हात राखले तर पाचवा हात लावायला दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी उठल्यावर मात्र तिनं ठरवलं की लग्नाला हीच नेसायची. वहिनी बघेल. बघितल्यावर तिला आठवेल, आठवल्याशिवाय राहणारच नाही. सरोजिनीला माफी नको होती, रडारड नको होती. वहिनीनं एवढंच म्हणावं, "सरोजताई, ही तर तुम्हीच दिली होती." सत्तावीस वर्षांपूर्वी आपण काहीतरी मनापासून निवडलं होतं, हे या घरात एका माणसाला तरी ठाऊक आहे, एवढं तिला कळायला हवं होतं.

ब्लाऊजसाठी ती बीरगावच्या पिंकीकडे गेली. नेहमीप्रमाणे मापाला जुना ब्लाऊज पुढे केला.

"गला कैसा रखूँ दीदी?" पिंकीनं विचारलं.

"पहले जैसा."

पिंकीनं जुना ब्लाऊज दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. "ये तो दस साल पुरानी दीदी का नाप है. आप तो आधी रह गई हो. हाथ ऊपर करो."

तिनं टेप काढली. पाठीवरून, खांद्यावरून, दंडावरून पिंकीचे हात भराभर फिरले, आणि सरोजिनीच्या लक्षात आलं की आपल्या पाठीला कोणाचा हात लागून किती वर्षं झाली ते आपल्याला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. पिंकीला वाटलं टेप घट्ट झाली, तिनं ती सैल केली.

"गोल्डन बनाते हैं, शादी है."

"नाही," सरोजिनी म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग समोरच्या थप्प्यांवरून नजर फिरवली. डाळिंबाला काय लागतं हे दुसऱ्या कोणासाठी तिनं चुटकीसरशी सांगितलं असतं. "शेवाळी," ती म्हणाली. "वो, काई जैसा हरा. बाह्या कोपरापर्यंत. गळा मागून बंद, पुढून थोडा रुंद. आणि लटकन वगैरे काही नको."

"वाह दीदी," पिंकी म्हणाली. "आपको तो सब पता है."

महिनाभर ती रोज संध्याकाळी जुन्या साड्यांवर सराव करत राहिली. पदराला पिन लावली की आपण कचेरीत फाइल घेऊन उभ्या असल्यासारख्या दिसतो हे तिला पहिल्यांदाच दिसलं. पदर मोकळा सोडला तर मान लांब दिसते. निऱ्या बारीक घातल्या तर उंची वाढते. क्लिप काढून केसांचा खालच्या अंगाला साधा अंबाडा बांधला. मोठे काठ नकोत, बारीक हवेत. चकचकीत नको, पण फिकंही नको. फिक्यात आपण विझतो. बावन्नाव्या वर्षी ती स्वतःला अशी एकेक करून सापडत गेली, आणि ते सांगायला आरसाच तेवढा होता. तरी तो महिना तिला बरा गेला. कशाची तरी वाट बघणं हेही सोबतीसारखंच असतं.

लग्न फेब्रुवारीतल्या एका रविवारी, मुहूर्त सकाळी अकराचा. सरोजिनी हॉलच्या दारातून आत आली तेव्हा दारातल्या बायका वळून बघू लागल्या. ती कोण ते त्यांतल्या दोघींना क्षणभर कळलंच नाही. संपदा वधूच्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती, ती ओरडली, "आत्या! क्या लग रही हो यार! इधर आओ, एक सेल्फी." सरोजिनीनं तिच्या गालावरून हात फिरवला. पण तिचे डोळे वहिनीला शोधत होते.

वहिनी सामानाच्या पेट्यांमध्ये उभी होती, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडानं दहा जणांना दहा कामं. तिनं सरोजिनीकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि तिचा चेहरा जरासा उतरला.

"सरोजताई, आहेराची नाही नेसल्या काय तुम्ही?"

सरोजिनीला आधी कळलंच नाही. मग तिनं पदर हातावर घेतला आणि पुढे केला.

"हीच ती, वहिनी."

"काय सांगता! माझ्या गाठोड्यातली?" वहिनीनं पदर हातात घेतला, बोटांत चोळून बघितला, उजेडाकडे धरला. आता. आता आठवेल. वहिनीच्या कपाळावर आठी पडली, काही आठवताना पडते तशीच, आणि मग सबंध चेहरा खुलला.

"पाहा!" वहिनी म्हणाली. "म्हणजे माझी चॉइस किती चांगली हो! आणि मी उगाच मनाले लावून राहिली होती का आपण नणंदेले काही धड दिलं नाही."

आणि तिनं सरोजिनीचा हात धरला आणि तिला ओढत बहिणींच्या घोळक्यात नेलं. "हे पाहा, नणंदेले काय कोसा दिला मी!" बायका गोळा झाल्या. कोणी पदर बघितला, कोणी काठ. "काय रंग आहे गं चित्रा! कुठली?" वहिनीनं सरोजिनीच्या कानाशी येऊन विचारलं, "कुठली हो ही?" सरोजिनी म्हणाली, "चांप्याची." "चांप्याची," वहिनी मोठ्यानं म्हणाली. "असली माल आहे." मग दिवसभर हेच चाललं. जेवणाच्या टेबलाशी, स्टेजवर, हात धुताना, जो तो म्हणे चित्राची पसंती काही औरच. सरोजिनीनं मनापासून निवडलेल्या साडीचं असं तोंडभर कौतुक झालं, आणि ते सगळं दुसरीच्या पदरात पडलं.

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण सरोजिनीनं सांगितलं असतं तर वहिनीला नुसती माहिती झाली असती, आणि माहितीसाठी तिनं एवढा महिना काढला नव्हता. आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही. कौतुक ऐकून तिला आतून बरंही वाटत होतं, याचाच तिला जास्त राग आला. जयंता एकदा घाईनं शेजारून गेला, "जेवलीस ना गं?" म्हणाला आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे गेला. दोन वाजता ती रिक्षानं घरी आली.

आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, वहिनी आणि जयंता गाडीतून आले. वहिनीच्या हातात मोठी सुटकेस होती.

"संपदाच्या साड्या. बंगलोरले कुठं ठेवते ती? तुमच्याजवळच राहू द्या," म्हणत वहिनी आत आली आणि थबकली. बैठकीत सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर गाठोडी मांडलेली होती. लाल दोऱ्याची नावं वर केलेली. कपाटांची दारं उघडी, कप्पे रिकामे.

"हे काय हो? दसरा तर लांब आहे."

"घेऊन जा वहिनी," सरोजिनी म्हणाली. "सगळ्यांची. तुमच्या बहिणींची पण. गाडी आहेच."

"काहून? काही चुकलं का आमचं?"

हा प्रश्न विचारला जाईल आणि आपण काय काय सांगू याचा सरोजिनीनं आठ दिवस विचार केला होता. आता वेळ आली तेव्हा ते सगळं तिला एकदम जुनं वाटलं.

"नाही. मले जागा पाहिजे."

"तुम्हाले? कशासाठी?"

"माझ्या साड्यांसाठी."

वहिनीनं खालच्या कप्प्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं. वाईट मनानं नाही, सहजच. "तुमच्या आहेत तरी किती, सरोजताई!"

"घेईन," सरोजिनी म्हणाली.

जयंता गाठोडी उचलायला लागला. तीन मजले, चार खेपा. सरोजिनीनं प्रत्येक गाठोडं देताना सांगितलं, याला प्लास्टिकमध्ये घालू नका, याची जरी जपा, हिची घडी दसऱ्याला बदला. वहिनी मान डोलवत होती. ती काही बदलणार नाही हे दोघींना ठाऊक होतं. तो शालू पुन्हा चिरेल, हे सरोजिनीला आत्ताच दिसत होतं. एकदा तर तिचा हात पुढे झालाही, राहू द्या म्हणायला. मग तिनं तो हात मागे घेतला.

दारात चप्पल घालता घालता वहिनी थट्टेनं म्हणाली, "आता तुमच्याकडे यायचं कारणच नाही राहिलं म्हणा ना!"

सरोजिनी हसली. "चहाले या," ती म्हणाली.

"हव हव, येऊ ना," वहिनी जिन्यातून म्हणाली, आणि खाली जाता जाता जयंताला सांगायला लागली की हे सगळं आता ठेवायचं कुठं.

सरोजिनी गॅलरीत जाऊन उभी राहिली. गाडीच्या मागच्या काचेत पांढरी गाठोडी छतापर्यंत रचलेली दिसत होती. गाडी ट्रकांच्या मागून निघून गेली. ती आत आली, तिन्ही कपाटांचे कप्पे ओल्या फडक्यानं पुसले, खालच्या कप्प्यातलं सोबर काढून पोतडीत भरलं. मग लग्नापासून दोरीवर वाऱ्याला टाकलेला कोसा उतरवला. तो घडी घालून ठेवायचा होता. तिनं तो घडी घालायच्या बेतानं हातावर घेतला आणि मग सावकाश नेसला, कोणी यायचं नव्हतं तरी निऱ्या नीट घालून, पदर मोकळा सोडून.

सहा वाजले होते. तिला पाटवड्यांचा रस्सा खावासा वाटला. एकटीसाठी कोण पाटवड्या थापतं, पण तिनं बेसन घोटलं, थापलं, वड्या पाडल्या, लाल तर्रीचा रस्सा केला, सगळं त्या कोशातच. ताट घेऊन बसली. दुसऱ्याच घासाला रस्सा ओघळला आणि तेलाचा लालभडक थेंब निऱ्यांवर, मांडीच्या जरा खाली पडला.

ती ताडकन उठली, फळीवरचा पावडरचा डबा घेतला, झाकण उघडलं. अशा डागावर लगेच पावडर दाबली तर तेल निघतं, उशीर केला की कायमचा बसतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मग ती हातात डबा घेऊन तशीच उभी राहिली. ही साडी कोणाला परत द्यायची नव्हती. कोणी ती न्यायला येणार नव्हतं, उलटून पालटून बघणार नव्हतं, हे काय झालं हो सरोजताई म्हणून विचारणार नव्हतं. तिनं थोडा वेळ दाराकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि रस्सा गार व्हायच्या आत जेवून घ्यायला बसली.